पाण्याची पारख : एलन रिचर्ड्सबाईंचे चरित्र

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे कार्यकारिणीतील भगिनींनी मला सांगितले. जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई यांच्यावर आपल्या वार्षिक अंकांतून अधिकारी लेखिकांनी लिहिले आहे. त्यात मी काय भर घालणार? मी लेखिका नव्हे. एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत १९७९ पासून बत्तीस वर्षे मी सहाय्यक म्हणून नोकरी केली. बाटल्या धुणे, द्रावणे तयार करणे आणि पुढे पुढे पाण्याचे नमुने तपासणे, हे माझे काम. तेव्हा ज्या बाईंनी हेच काम सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी केले आणि ज्यांचे नाव आपल्याकडे गृहविज्ञान शिकलेल्या मुलींखेरीज फारसे कोणाला ठाऊक नाही, त्या एलन रिचर्ड्सबाईंविषयी लिहावे असे मी ठरविले.

त्यांची माझी ओळख झाली ती एका जुन्या पुस्तकामुळे. आमच्या प्रयोगशाळेतील हस्तलिखित वहीत पाण्यातील अमोनिया मोजण्याची कृती उतरवून ठेवलेली होती, व खाली रिचर्ड्स आणि वुडमन अशी दोन नावे होती. कोणी दोन साहेब असतील असे समजून मी कित्येक वर्षे ती वही वापरली. एकदा ग्रंथालयाचे कपाट आवरताना मूळ पुस्तकच हाती आले. हवा, पाणी आणि अन्न यांवरचे, १९०० सालचे. पहिले पान उघडले तो रिचर्ड्स हे साहेब नसून बाई आहेत! मला इतके नवल वाटले, की त्या दिवशी डबा खायचा राहिला.

एलन स्वॅलो यांचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, डन्स्टेबल या खेड्यात झाला. आईवडिलांना हे एकुलते एक अपत्य. दोघेही शिकलेले, काही काळ शिक्षकी केलेले. घरी बेताची शेती होती. १८५९ साली वडिलांनी वेस्टफर्ड गावी दुकान काढले, ते मुलीला तेथील शाळेत घालता यावे म्हणून. एलन दुकानात माल तोलीत, हिशेब लिहीत, आजारी आईची शुश्रूषा करीत आणि शाळाही शिकत. शाळा संपल्यावर मात्र मुलींसाठी पुढची वाट नव्हती. कोणाच्या घरी शिकवणी कर, कोणाच्या आजाऱ्याजवळ बस, कोणाचा स्वयंपाक कर, असे करीत त्यांनी पै-पै साठविली. मधली दोन वर्षे तर मनाला अशी उदासी आली होती, की काही सुचेना. अखेर तीनशे डॉलर गाठीला बांधून १८६८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्या व्हॅसर येथील मुलींच्या कॉलेजात दाखल झाल्या.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या भागात एलनबाई जन्मल्या, त्याच न्यू इंग्लंड प्रांतातून सिंथिया फॅरार नावाच्या एक अविवाहित बाई १८२७ साली मुंबईस आल्या, आणि पुढे आपल्या नगरला येऊन मुलींच्या शाळा चालवू लागल्या. सावित्रीबाई फुले अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी यांच्याकडेच आल्या होत्या. फॅरारबाई १८६२ साली नगरलाच वारल्या. म्हणजे तिकडे एलन दुकानाच्या गल्ल्यावर बसून कॉलेजचे स्वप्न पाहत होत्या, तेव्हा त्यांच्याच मुलखातली एक बाई इकडे आपल्या मुलींना पाटी-पेन्सिल देत होती. व्हॅसरला एलनबाईंना रसायनशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकांचे आडनावही फॅरारच होते! हा केवळ नावाचा योगायोग. नाते होते असे माझे म्हणणे नाही.

व्हॅसरला मरिया मिचेल या विख्यात ज्योतिर्विद बाई होत्या. एलनबाईंना आकाशाचीही ओढ होती, पण त्यांनी निवडले रसायनशास्त्र. फॅरार यांचे शिकवणे असे, की चुलीपासून नळापर्यंत जेथे रोजचे जगणे आहे, तेथे रसायन लावून पाहायचे. १८७० साली पदवी मिळाली. मग नोकरीसाठी त्यांनी बॉस्टनमधील रसायनांचा व्यवसाय करणाऱ्यांस पत्रे घातली. तेथे जागा नव्हती, पण नव्याने निघालेल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विचारून पाहावे, असा सल्ला मात्र मिळाला. त्या संस्थेत तोपर्यंत एकही स्त्री शिकलेली नव्हती. डिसेंबर १८७० मध्ये एलनबाईंना विशेष विद्यार्थिनी म्हणून प्रवेश देण्यात आला, आणि फी माफ झाली. आपल्या गरिबीकडे पाहून ही सवलत दिली, असे त्यांना वाटले. खरे कारण त्यांना मागाहून कळले. कोणी आक्षेप घेतलाच, तर ही बाई आमच्या पटावर नाही असे सांगता यावे, म्हणून फी घेतलेली नव्हती!

पुष्कळ स्त्रियांनी अशा वेळी भांडण मांडले असते. एलनबाईंनी मांडले नाही. त्या प्रयोगशाळेची धूळ झाडीत, प्राध्यापकांची तुटलेली बटणे शिवून देत, कोणाचे बोट कापले तर पट्टी बांधीत, आणि आपले काम चोख करीत. मला तरुणपणी हे वाचून राग आला होता. शिकायला गेलेल्या बाईने बटणे का शिवावीत? आज मात्र वाटते, की दार किलकिले झाले आहे आणि आतून कडी लागण्याची भीती आहे, अशा वेळी पाय दारात ठेवून उभे राहण्याची ती त्यांची रीत होती. १८७३ साली त्या संस्थेची पदवी घेणारी पहिली स्त्री त्या ठरल्या. त्याच वर्षी व्हॅसरनेही त्यांना एम.ए. दिली. डॉक्टरेट मात्र मिळाली नाही. रसायनशास्त्रातील आपली पहिली डॉक्टरेट स्त्रीला जावी हे संस्थेतील धुरीणांना रुचले नसावे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

१८७५ साली खाणशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मागणीही प्रयोगशाळेतच घातली गेली म्हणे. लग्नानंतरचा प्रवास केला तो नोव्हा स्कॉशियातल्या खाणी पाहायला, आणि सोबत नवरदेवांचा विद्यार्थ्यांचा वर्ग! त्यांना मूलबाळ झाले नाही, पण जमेका प्लेन येथील त्यांच्या घरी शिकणाऱ्या मुली राहत आणि घरकामास हातभार लावून शिक्षण करीत. त्या घरातले जड पडदे काढून खिडक्या मोकळ्या केल्या होत्या, आणि पाणी, हवा, इंधन यांचे प्रयोग घरातच चालत.

पाण्याशी त्यांचा संबंध आला १८७२ साली. राज्याच्या आरोग्य मंडळाने नद्या-तळ्यांचे पाणी तपासायला प्राध्यापक निकल्स यांना सांगितले, आणि निकल्स यांनी विद्यार्थिनी असलेल्या एलनबाईंना हाताशी घेतले. पाण्याचे पृथक्करण हे शास्त्र तेव्हा अगदी नवे होते. ते थोडे समजून घेतले तर बाईंची थोरवी कळेल, म्हणून माझ्या परीने सांगते.

पाण्यात घाण मिसळली की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. तुरटी फिरवा, निवळीचे बी उगाळून घाला, दुहेरी फडक्याने गाळा. पाणी नितळ दिसेल, पण विरघळलेले तसेच राहील. त्या काळी इंग्लंडात यावर दोन पक्ष होते. फ्रँकलंड हे रसायनज्ञ म्हणत, सेंद्रिय घाणीचे मूळ कार्बनात आहे, तो मोजा. १८६८ साली त्यांनी अशी पद्धत काढली, की लिटरभर पाणी आटवायचे, राहिलेला साका तांब्याच्या ऑक्साइडबरोबर निर्वात नळीत जाळायचा आणि निघालेले वायू मापायचे. त्यावरून कार्बन किती आणि नायट्रोजन किती ते कळे. दोहोंचे प्रमाण पाहून घाण पालापाचोळ्याची की जनावरा-माणसांची, याचाही अंदाज येई. पद्धत नामी, पण दिवसचे दिवस खाणारी, आणि कसबी हाताखेरीज न साधणारी. दुसऱ्या बाजूला वँक्लिन. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८६७ साली सोपी रीत सांगितली : कार्बन सोडा, अमोनिया मोजा. दोघांत बरेच दिवस कडाक्याचे वाद झाले. प्रयोगशाळांतून चालली ती मात्र वँक्लिन यांचीच रीत, कारण ती एका दिवसात अनेक नमुन्यांना पुरी पडे.

अमोनिया म्हणजे काय, हे आपल्याला शिकवावे लागत नाही. गोठ्याची मोरी सकाळी धुतली नाही तर नाकाला झोंबते ते तेच. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकतो, तेव्हा जो पांढरा धूर उठतो तोही याच घराण्यातला. माणसा-जनावरांच्या मलमूत्रातून तो पाण्यात उतरतो. तपासताना अर्धा लिटर पाणी काचेच्या चंबूत घालून मंद आचेवर ठेवायचे. वाफेबरोबर अमोनिया आधी निघून येतो. ती वाफ थंड करून उंच, सपाट बुडाच्या नळ्यांत धरायची. त्यात नेस्लर यांनी शोधलेले पाऱ्याचे औषध दोन मापे घातले, की पाणी पिवळे पडते. अमोनिया जास्त असेल तर पिवळ्याचे केशरी आणि मग तपकिरी होते. शेजारी नवसागराच्या ठराविक द्रावणाच्या नळ्यांची ओळ लावून ठेवायची आणि पांढऱ्या कागदावर धरून वरून पाहत रंग जुळवायचा, जसा आपण पदराला जुळता ब्लाऊजपीस निवडतो तसा. हा झाला मोकळा अमोनिया. मग त्याच चंबूत दाहक पोटॅश आणि परमँगनेट घालून पुन्हा उकळायचे. जी घाण अजून कुजायची आहे, ती फुटून तिचाही अमोनिया होतो, आणि तो निराळा मोजायचा. हे काम दिसते सोपे, पण नळीला घामेजले बोट लागले तरी आकडा चुकतो. त्या खोलीत अमोनियाची बाटली उघडलेलीसुद्धा चालत नाही.

कार्बनाकडेही दुर्लक्ष झाले नाही. त्यासाठी परमँगनेटचीच सोपी परीक्षा होती. पूर्वी साथ आली की आपल्या विहिरींत जे लाल औषध टाकीत, ते हेच. सेंद्रिय घाण असली की त्याचा रंग उडतो. किती उडाला यावरून घाणीचा अंदाज. आता मात्र यंत्रे आली आहेत. पाण्याचा थेंब भट्टीत जाळून त्यातील कार्बनाचा वायू यंत्र काही मिनिटांत मोजते. अमोनियाही निळ्या रंगाच्या पद्धतीने किंवा विद्युत्-अग्राने मोजतात, आणि पाऱ्याच्या विषामुळे नेस्लर यांचे औषध मागे पडत चालले आहे. पण तत्त्व तेच : जाळा आणि मापा, रंग आणा आणि जुळवा.

आणखी एक. जमिनीत व पाण्यात अमोनियाचे आधी नायट्राइट होते आणि मग नायट्रेट. ओले शेण, सुकत आलेली गोवरी आणि चुलीतली राख यांवरून जसे काय कधी घडले ते ओळखता येते, तसेच हे. अमोनिया सापडला तर घाण ताजी आणि जवळची. नुसतेच नायट्रेट सापडले तर जुनी. अर्थात आपल्या उसाच्या पट्ट्यात युरियामुळेही नायट्रेट वाढते, आणि काही खोल विहिरींत अमोनिया निसर्गतःच असतो. म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नये. ही शिस्त लावणाऱ्यांत रिचर्ड्सबाई अग्रणी होत्या.

१८७६ साली बॉस्टनच्या स्त्रियांच्या एका शिक्षणसंस्थेने पैसे जमवून टेक्नॉलॉजी संस्थेत स्त्रियांसाठी वेगळी प्रयोगशाळा उघडली. बाई तेथे सात वर्षे विनावेतन शिकवीत, उलट पदरचे पैसे घालीत. घरबसल्या शिकणाऱ्या स्त्रियांना पत्रांतून विज्ञान शिकविण्याचे कामही त्यांनी त्याच सुमारास अंगावर घेतले. वाणसामानाची तपासणी केली, तेव्हा दालचिनीच्या पुडीत लाकडाचा भुसा निघाला. १८८३ मध्ये मुलींना मुलांबरोबर रीतसर प्रवेश मिळू लागला व ती प्रयोगशाळा बंद झाली. आपण ज्यासाठी झटलो ते साधले आणि आपलीच जागा गेली, अशी त्यांची स्थिती झाली. परंतु १८८४ साली आरोग्य-रसायनाच्या शिक्षिका म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे पद त्यांनी मरेपर्यंत सांभाळले. सत्तावीस वर्षे झाली, तरी प्राध्यापक म्हणून बढती मात्र कधी मिळाली नाही.

त्यांचे सर्वांत मोठे काम १८८७ साली सुरू झाले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील सगळे पिण्याचे पाणी तपासायचे आरोग्य मंडळाने ठरविले. प्रमुख होते प्राध्यापक ड्राउन. प्रयोगशाळा बाईंच्या हाती. गावोगावाहून बाटल्या येत. पाणी शिळे झाले की अमोनियाचा आकडा बदलतो, म्हणून आलेला नमुना लगोलग लावावा लागे. दोन-अडीच वर्षांत वीस हजारांवर नमुने त्यांच्या देखरेखीखाली तपासले गेले. आम्ही प्रयोगशाळेत दिवसाला आठ-दहा नमुने केले तरी संध्याकाळी कंबर धरायची, म्हणून हा आकडा काय असतो ते मला कळते.

या कामातून निघाला एक नकाशा. मिठाचा क्लोरीन (आपण क्लोराइड म्हणतो) मापणे सोपे असते. पाण्यात चांदीच्या क्षाराचे थेंब सोडले, की पांढरा साका धरतो, आणि मीठ संपताच तांबूस रंग उमटतो. मलमूत्रातून मीठ पाण्यात जाते. म्हणून मीठ वाढले म्हणजे घाण आली, असे धरीत. पण समुद्रकाठच्या गावात वाऱ्याबरोबरच मीठ येते, त्याचे काय? नुसता आकडा पाहिला तर किनाऱ्यावरचे निर्मळ पाणी दोषी ठरेल आणि डोंगरातले घाण पाणी सुटेल. म्हणून स्वच्छ पाण्यात ठिकठिकाणी निसर्गतः मीठ किती, हे पाहून त्यांनी नकाशावर रेघा ओढल्या. समुद्रापासून आत जावे तसे मीठ कमी होत गेले. आता कोणत्याही गावची विहीर घ्यावी, तिचा आकडा त्या रेघेशी ताडून पाहावा. वर निघाला तर वस्तीची घाण आली असे समजावे. स्वच्छ म्हणजे किती, हे आधी आपल्याच मातीत मोजून ठेवायचे, ही बाईंची शिकवण मला स्वतःला फार महागात पडल्यावर समजली. ते लिहिणे जड जाते, पण या मंडळाचा जन्मच त्यातून झाला, तेव्हा लिहिते.

आमचे गाव प्रवरेच्या कालव्याखालचे. वाड्याच्या चौकात आड होता. त्याचे पाणी गोड, डाळ लवकर शिजे, सगळी गल्ली ते नेई. १९९५ साली घरात संडास झाला आणि त्याचा शोषखड्डा आडापासून बारा पावलांवर खणला. तो आमच्याच घरच्यांनी, माझ्या देखत. मी तेव्हा सोळा वर्षे दुसऱ्यांच्या विहिरींचे पाणी तपासत होते. स्वतःच्या घरची बाटली भरून न्यावी असे मला कधी सुचले नाही. १९९८ च्या पावसाळ्यात गल्लीत तापाचे रोगी निघाले. माझ्या धाकट्या जाऊबाईंची मुलगी, नववे लागलेले, विषमज्वराने नगरच्या दवाखान्यात अकराव्या दिवशी गेली.

तेरावा झाल्यावर मी बाटली भरून नेली. पहिलीच नळी नेस्लरचे औषध पडताच केशरी झाली. अमोनिया लिटरला एक मिलिग्रॅमच्या वर. आपल्या मानकाप्रमाणे अर्ध्या मिलिग्रॅमच्या पुढे नको. रसायनाने तापाचा जंतू दिसत नाही, हे मला ठाऊक होते, आणि ताप याच पाण्याने आला असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण खड्डा आडात उतरतो आहे, एवढे निश्चित. घरात कोणाला पटेना. मीठ म्हणावे तर आमच्या पट्ट्यात कालव्यामुळे जमिनी खारवटच झालेल्या. कोणत्या विहिरीत मीठ नाही? तेव्हा मला तो नकाशा आठवला. मळ्यातल्या पाच विहिरींचे पाणी आणून लावले. आडाचे मीठ त्या सर्वांच्या दुपटीहून अधिक भरले.

सासूबाईंना आकडे कळत नसत. मी तीन नळ्या कापसात गुंडाळून डब्यातून घरी आणल्या. एक नळाच्या पाण्याची, एक मळ्यातल्या विहिरीची, एक आडाची. ओसरीवर पांढऱ्या कागदावर उभ्या केल्या. ते विष आहे, हात लावू नका, असे बजावले. सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते, तो राहाटाचा दोर आणि पोहरा त्यांनी स्वतः काढून माळ्यावर टाकलेला. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन आल्या, तेव्हा दारात उभ्या राहून त्यांना माघारी लावण्याचे कामही त्यांनीच केले. त्याच बायका पुढे सार्वजनिक नळासाठी एकत्र जमू लागल्या, आणि २००० साली आपले मंडळ स्थापन झाले.

असो. बाईंच्या चरित्राकडे वळते. त्यांच्या मुलखात लॉरेन्स नावाचे गिरण्यांचे शहर आहे. तेथे मेरिमॅक नदीचे पाणी पीत आणि विषमज्वराने माणसे मरत. तेथील प्रयोग-केंद्रात वाळूतून पाणी गाळण्याच्या पद्धतीचा अभ्यास झाला आणि १८९३ साली शहरासाठी वाळूचे मोठे गाळणे बांधले गेले. विषमज्वराचे मृत्यू पुष्कळच घटले. हे यश अनेकांचे आहे. ज्या प्रयोगशाळेत पाण्याचे आकडे निघत, ती चालविणाऱ्या बाईंचेही. १८९० पासून आरोग्य-अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम निघाला, आणि शहरांची जलकेंद्रे पुढे ज्यांनी चालविली, असे कितीतरी तरुण अभियंते पाणी तपासायला बाईंपाशी शिकले. आपल्याकडे या विषयाची राष्ट्रीय संस्था नागपुरास १९५८ साली निघाली.

सगळेच त्यांना साधले असे नाही. १८९० मध्ये गरिबांना स्वस्त आणि पौष्टिक अन्न मिळावे म्हणून त्यांनी बॉस्टनमध्ये एक सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. प्रत्येक पदार्थाचे पोषण मोजलेले, शिजवणे शास्त्रशुद्ध. पण परदेशांतून येऊन तेथे वसलेल्या कामकरी लोकांना ते सपक जेवण रुचेना. ज्याला आपल्या घरच्या मसाल्याची चव आहे, तो मोजून दिलेले सूप का म्हणून पिईल? बाईंनी येथे माणसांना विचारले असते तर बरे झाले असते, असे मला वाटते. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मात्र असेच स्वयंपाकघर लोकांनी कौतुकाने पाहिले. १८९९ पासून लेक प्लॅसिड येथे त्यांनी परिषदा भरविल्या, आणि त्यांतून गृहविज्ञान हा विषय उभा राहिला. १९०८ साली त्याची राष्ट्रीय संस्था झाली, तिच्या पहिल्या अध्यक्ष बाईच. आपल्या मुली कॉलेजात जे गृहविज्ञान शिकतात, त्याचे मूळ येथे आहे. १९१० मध्ये स्मिथ कॉलेजने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ३० मार्च १९११ रोजी हृदयविकाराने जमेका प्लेनच्या घरी त्यांचे देहावसान झाले. वय अडुसष्ट.

बाईंसारखा नकाशा आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचा, निदान आपल्या तालुक्याचा, करावा असे माझ्या मनात फार आहे. अकोल्याच्या डोंगरात भंडारदऱ्यापाशी पाण्यात मीठ नावालाच. तेच प्रवरा खाली उतरून प्रवरासंगमाला गोदावरीस मिळते, तोवर काठच्या विहिरींचे आकडे पार बदललेले असतात. २०१९ मध्ये निघालेल्या जल जीवन मिशनमधून गावोगावच्या पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकविण्याची योजना आली; आपल्या गावच्या पाच जणींत तीन आपल्या मंडळाच्या आहेत. त्यांची पेटी छोटी आहे, पण मीठ, नायट्रेट, फ्लोराइड त्यावर दिसते. जंतूंच्या बाटलीतले पाणी काळे पडले तर आम्ही तो नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवितो. गेल्या तीन वर्षांत एकसष्ट विहिरींचे आकडे मंडळाच्या वहीत चढले आहेत. वहीचे पहिले पान आमच्या आडाचे आहे. ते जाऊबाईंनी आपल्या हाताने लिहिले.

ज्यांच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी अजून आलेले नाही, त्यांनी काचेची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्यावी. नमुना काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे, ओल्या फडक्यात गुंडाळावा आणि त्याच दिवशी दुपारच्या आत मंडळाच्या खोलीत आणून द्यावा. विहिरीपासून संडासाचा खड्डा किती पावलांवर आहे, ते मोजून चिठ्ठीवर लिहायला विसरू नये.